नकाशात ‘निचरा चांगला’, मग मार्चमध्ये खड्ड्यात पाणी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर काउंटीत टेकडीच्या उतारावर घर आणि मागे ओक-मेपलचं अर्धा एकर रान. त्यातला हजार चौरस फुटांचा तुकडा मोकळा करून भाजीपाला करायचा आणि वरच्या अंगाला चार-सहा सफरचंदं लावायची. सरकारी माती-नकाशात तिथे ‘पॅक्स्टन’ माती आणि ‘निचरा चांगला’ असं दिलंय. प्रत्यक्षात मार्च-एप्रिलमध्ये खड्ड्यात पाणी उभं राहतं, अडीच फुटांवर पहार टणकन उडते, आणि सेप्टिकसाठी आलेल्या परीक्षकाने ऑगस्टमधल्या ठणठणीत कोरड्या खड्ड्यात डोकावून ‘पाण्याची पातळी २४ इंच’ लिहून दिली. खाली मुरूम लागलाय का, नकाशा चुकलाय की परीक्षक, आणि वरचा पाला खरवडून वीस घनयार्ड विकतची माती पसरावी का, असं तुम्ही विचारता.

मुरूम नाही. नकाशा बहुधा बरोबर आहे आणि परीक्षकही. पाला सरसकट खरवडू नका, वीस यार्ड माती तर मागवूच नका. माती चांगली की वाईट हा तुमच्यापुढचा प्रश्नच नाही. घट्ट थर नेमका किती खोलीवर सुरू होतो, आणि त्यावर अडलेलं पाणी कुठून कुठे, किती आठवडे सरकत राहतं, हे आधी कळायला हवं. भाजी कुठे, झाडं कुठे, चर खणायचा की नाही, हे सगळं त्यावर ठरतं.

आधी मुरमाबद्दल, कारण आपल्याकडच्या सवयीने इथली जमीन वाचली की गफलत होते. देशावर वरून खाली जाताना काळी माती, मग मुरूम, मग पाषाण लागतो. माती खालच्याच बसॉल्टची झालेली असते आणि मुरूम म्हणजे त्याच खडकाची अर्धवट झीज. तुमच्याकडे वरची माती आणि खालचा खडक यांचं असं सरळ नातं नाही. उत्तर अमेरिकेवर पसरलेला हिमस्तर साधारण २५,००० वर्षांपूर्वी दक्षिणेला लाँग आयलंड, नॅन्टकेट या बेटांपर्यंत पोचला होता. त्याने वाटेतला ग्रॅनाइट, नाइस, शिस्ट खरवडला, भरडला, आणि वाळू, गाळ, गोटे, मोटारीएवढे धोंडे असं सगळं न चाळता इथे टाकलं. पाणी वाहून आणतं तेव्हा जाडं वेगळं आणि बारीक वेगळं बसतं. बर्फ असली प्रतवारी करत नाही. या मिश्र मालाला टिल म्हणतात. तुमची माती त्या टिलच्या वरच्या दोन-तीन फुटांत, बर्फ गेल्यानंतरच्या काही हजार वर्षांत तयार झालेली आहे. मातीच्या हिशेबाने ती अगदी तरुण, म्हणूनच तिच्यात चिकणमाती इतकी कमी आहे. आपल्या काळ्या रानात चिकण ४० ते ६० टक्के असते, इथे साधारण १० टक्क्यांच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. उरलेली बारीक वाळू आणि गाळ. भेगाळणं, फुगणं, पायाला चिकटणं यातलं काहीही ती करत नाही. ओली मूठभर माती अंगठ्याने दाबून पट्टी काढायला गेलात तर इंचभर होण्याआधीच तुटेल. हा वालुकामय पोयटा.

टिल दोन तऱ्हांची असते आणि तुमची सगळी गोष्ट या फरकावर उभी आहे. काही माल बर्फ वितळताना वरून सुटून खाली बसला. तो तुलनेने सैल. त्यावर ‘चार्लटन’ नावाची माती होते, जिच्यात मुळ्या सहज मीटरभर खाली जातात. दुसरा माल सरकत्या बर्फाच्या तळाशी, शेकडो मीटर जाडीच्या ओझ्याखाली दाबून चोपला गेला. त्यावर ‘पॅक्स्टन’ होते. मध्य आणि पूर्व मॅसॅच्युसेट्समधल्या लांबट, गुळगुळीत पाठीच्या टेकड्या या चोपलेल्या टिलच्या आहेत. त्यांना ड्रमलिन म्हणतात, आणि बॉस्टनचा बंकर हिल त्यातलाच. पॅक्स्टन ही मॅसॅच्युसेट्सची अधिकृत राज्य-माती आहे. तुमची पहार जिथे उडते तो हा चोपलेला थर, माती-परीक्षकांच्या भाषेत ‘सीडी’. पॅक्स्टनमध्ये तो ५० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे तुमचे अडीच फूट अगदी त्यात बसतात.

तरी एका खड्ड्यावर विश्वास टाकू नका. उताराच्या वर, मध्ये आणि खाली असे तीन खड्डे घ्या. खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या वायर-पाइपांच्या खुणा करून घ्या. सेवा फुकट आहे आणि खणण्याआधी ती मागणं कायद्याने बंधनकारक आहे. खड्डा चार फुटांहून खोल नेऊन आत उतरू नका. उन्हाकडे तोंड असलेली बाजू सुरीने खरवडून ताजी करा, कोरडी असेल तर पाण्याचा फवारा मारा (रंग नेहमी ओल्या मातीचा बघायचा), आणि टेप लावून वरून खाली वाचत जा.

सगळ्यात वर पाल्याचा थर, बहुतेक ३ ते ८ सेंटिमीटर. त्यातही तीन पदर: यंदाची ओळखू येणारी पानं, त्याखाली अर्धवट कुजलेली, बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना धरलेली, आणि तळाशी काळा, बोटाला तेलकट लागणारा पदर. ओकच्या बारीक मुळ्यांचं जाळं या काळ्या पदरात दाट असतं. तिथेच झाडाचं पोषण फिरतं.

पुढे गडद तपकिरी ए थर. इथे जाडी बघाच. कधीच नांगर न लागलेल्या रानात तो जेमतेम ५ ते १० सेंटिमीटर असतो आणि त्याची खालची कड वेडीवाकडी असते. तुमच्या खड्ड्यात तो १८ ते २५ सेंटिमीटर जाड आणि तळ पट्टीने आखल्यासारखा सरळ निघाला, तर ती जुन्या नांगरटीची खूण आहे. रानात दगडी बांध दिसत असेल तर शंकाच नको. न्यू इंग्लंडचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकात शेती-कुरणांखाली होता. आजचं बहुतेक रान त्यानंतर वाढलेलं आहे. ड्रमलिनच्या पाठीवर सफरचंदाच्या बागाही पुष्कळ होत्या, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बागांवर लेड आर्सेनेट हे कीटकनाशक फवारत. शिसं आणि आर्सेनिक दोन्ही वरच्या नांगरटीच्या थरात अडकून राहतात, पावसाने धुऊन जात नाहीत. म्हणून सरळ तळाचा जाड ए थर आणि आसपास जुनी सफरचंदं असा योग दिसला, तर भाजी लावण्याआधी या दोन्हींची वेगळी चाचणी मागा. नेहमीच्या खत-चाचणीत आर्सेनिक येत नाही.

ए च्या खाली बी थर: तांबूस तपकिरी, खाली जाताना पिवळसर, मग शेवाळी झाक. हा रंग लोहाचा, खनिजं हवेशीर जागेत गंजून आलेला, आणि एकसारखा पसरलेला असतो. तुम्ही उत्तरेला व्हरमाँट-न्यू हॅम्पशरच्या उंच भागात खणलं असतं, तर स्प्रूस-फरखाली ए आणि बी यांच्या मध्ये राखेसारखा फिकट पट्टा आणि त्याखाली भडक गेरूसारखा थर लागला असता, कारण थंडी आणि सूचिपर्णी पाल्याचं आम्ल लोह-ॲल्युमिनियम खाली ओढून नेतं. तुमच्याकडे तसा पट्टा क्वचित, आणि दिसला तरी बोटभर.

बी च्या तळाशी, घट्ट थराच्या जरा वर, पुढे झुकून नीट बघा. एकसारख्या तपकिरी रंगात राखाडी ठिपके आणि त्यांच्या कडेला नारिंगी गंजाचे डाग आहेत का? पाणी साचून हवा संपली की लोह विरघळतं आणि जागा राखाडी पडते. विरघळलेलं लोह जवळच हवा मिळेल तिथे पुन्हा गंजून बसतं. अशी जोडी दिसायला पाणी आठवडेच्या आठवडे उभं राहावं लागतं आणि मातीत जिवाणूंना पुरेशी ऊबही लागते. तुमच्या परीक्षकाने ऑगस्टमध्ये वाचली ती ही खूण. पाणी आज कुठे आहे यापेक्षा वर्षातल्या सगळ्यात ओल्या काळात ते कुठपर्यंत चढतं, हे त्याला लिहायचं असतं. मॅसॅच्युसेट्सच्या सेप्टिक नियमांत, टायटल फाइव्हमध्ये, शोषखड्ड्याच्या तळापासून या वरच्या पातळीपर्यंत किमान ४ फूट अंतर मागितलंय, आणि माती फार झपाट्याने पाणी पीत असेल तर ५. म्हणून पॅक्स्टनवर शोषक्षेत्र बऱ्याचदा भराव घालून उंचावर बांधावं लागतं. खर्च वाढतो हे खरं, पण खड्डा कोरडा होता म्हणून आकडा खोटा ठरत नाही.

आता घट्ट थर. तो खडक नाही आणि सिमेंटसारखा चिकटलेलाही नाही, याची खात्री घरीच होते. तिथून लिंबाएवढं ढेकूळ काढा. हातात ते सहज फुटणार नाही. फुटलं तर आडव्या पापुद्र्यांत फुटेल, आणि पापुद्र्यांच्या फटीत गंजाची पातळ रेघ दिसेल. ढेकूळ दोन दिवस सुकवून पाण्याच्या वाडग्यात सोडा. कडेने बुडबुडे येतील आणि थोड्या वेळात ते ढासळून वाळू-गाळाचा ढीग होईल. म्हणजे जे घट्टपण आहे ते दाबाचं. खडकाचा तुकडा तसाच पडून राहील. दाबाचं मापही बोलकं आहे: रानातली ए थराची माती एका घनसेंटिमीटरला १ ग्रॅमच्या आसपास, बी थर १.२ ते १.४, आणि हा थर १.७ ते २.०. या पोतात १.७५ च्या पुढे मुळं जवळजवळ शिरत नाहीत. तुमच्या खड्ड्यात त्या थरावर येऊन आडव्या वळलेल्या, चटईसारख्या पसरलेल्या मुळ्या दिसतील. पहार उडाली पण ही लक्षणं दिसली नाहीत, तर ती एखाद्या धोंड्यावर आपटली असेल. तीन फूट बाजूला पुन्हा घालून बघा.

मग निचरा ‘चांगला’ कसा? वरच्या दोन-अडीच फुटांतून पाणी झपाट्याने खाली जातं, घट्ट थरातून तासाला जेमतेम काही मिलिमीटर. या भागात पाऊस-बर्फ मिळून वर्षाला सुमारे १,२०० मिलिमीटर पडतं, पण आपल्यासारखं चार महिन्यांत नाही. दर महिन्याला साधारण १०० मिलिमीटर. नोव्हेंबरात पानं गळाली की झाडांचं पाणी ओढणं थांबतं आणि माती भरत जाते. बर्फ वितळताना ती काठोकाठ होते, पाणी घट्ट थरावर बसतं आणि उताराने आडवं सरकू लागतं. मे महिन्यात पालवी फुटली की झाडं ते पाणी काही आठवड्यांत उपसून टाकतात. वाढीच्या हंगामात मुळांना बहुतेक वेळ हवा मिळते म्हणून वर्ग ‘चांगला’. वर्गीकरण त्या हंगामाकडे बघून केलंय, तुम्ही मार्चमध्ये बघितलंत.

यातून एक गोष्ट निघते जी झाडं तोडण्याआधी कळलेली बरी. तो उपसा ओक-मेपल करत आहेत. हजार चौरस फूट मोकळे केलेत की तिथे वसंतातलं पाणी आणखी दोन-तीन आठवडे रेंगाळेल. म्हणून तुकडा उताराच्या वरच्या, फुगीर भागात निवडा. ड्रमलिनवर खाली उतरत जाल तशी माती बदलते: पॅक्स्टननंतर ‘वुडब्रिज’, ज्यात गंजाचे डाग दीड-दोन फुटांवरच येतात, पायथ्याला ‘रिजबरी’, आणि खळग्यात काळीभोर, वर्षातला बराच काळ ओली ‘व्हिटमन’. नकाशात एवढ्या लहान आवारातला फरक दाखवलेला नसतो. ‘पॅक्स्टन’ लिहिलेल्या तुकड्यात वुडब्रिजची पट्टी सहज असू शकते. खालच्या खड्ड्यात डाग एक-दीड फुटावर दिसले तर तिथे सफरचंद लावू नका. पायथ्याला झरा किंवा दलदल असेल तर तिच्यापासून १०० फुटांच्या आत झाडं तोडण्याआधी गावाच्या संवर्धन आयोगाची परवानगी लागते.

वरच्या बाजूने येणारं पाणी फारच त्रास देत असेल तर तुकड्याच्या वरच्या कडेने आडवा चर खणता येतो. तळ घट्ट थरात १० ते १५ सेंटिमीटर शिरलाच पाहिजे. मग कापड, खडी, चार इंची सच्छिद्र पाइप, शंभर फुटांना किमान एक फूट ढाळ, आणि तोंड खाली उघड्यावर. चर घट्ट थराच्या वरच थांबवला तर पाणी त्याच्या पोटाखालून निघून जातं आणि सगळा खर्च वाया जातो. तोंड शेजाऱ्याच्या आवारात किंवा सेप्टिकच्या शोषक्षेत्राकडे सोडू नका. पण हे करण्याआधी एक वसंत थांबून पाणी किती दिवस टिकतं ते बघा. एप्रिल अखेरीला खड्डा रिता होत असेल तर चराची गरज नाही, गादीवाफे पुरतात.

सफरचंदाचा खड्डा घट्ट थरात कधीही खणू नका. पहारीने जोर लावून तीन फूट गाठले आणि आत सैल माती-खत भरलं, की तो मुळांसाठी हौद होतो: आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. खड्डा रोपाच्या मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, रुंदी तिप्पट, भरायला तीच माती. मुळं आडवी पसरतात, त्यांना रुंदी द्या.

विकतच्या मातीबद्दल. वीस घनयार्ड हजार चौरस फुटांवर पसरले की साडेसहा इंचांचा थर होतो. इथे ‘स्क्रीन्ड लोम’ या नावाने जे विकतात त्याला ठरलेला दर्जा नाही. बरंचसं कुठल्या तरी बांधकामाच्या जागेवरचं बी थराचं असतं, म्हणजे तुमच्या आवारात जे फुकट आहे तेच. वर लोडर येणार एप्रिलमध्ये, ओल्या जमिनीवर, आणि एका सकाळीत ए थराचा चुराडा करणार. या कमी चिकणाच्या मातीला भेगा पडत नाहीत, त्यामुळे काळ्या रानासारखी ती उन्हात तडकून आपोआप मोकळी होत नाही. चाकाखाली दबली की वर्षानुवर्षं दबलेली राहते. कुठलंही यंत्र वाफसा आल्याशिवाय आत घेऊ नका. मूठ दाबून केलेला गोळा कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर वाफसा आला.

त्याऐवजी वाफ्याच्या जागेपुरता वरचा न कुजलेला पाला बाजूला घ्या, काळा पदर तिथेच ठेवा, त्यावर दोन इंच चांगलं कंपोस्ट (हजार चौरस फुटांना सुमारे सहा घनयार्ड) घालून वरच्या सात-आठ इंचांत मिसळा. खुंट आणि मोठी मुळं जमेल तितकी काढा, बाकीची कुजू द्या. पहिल्या वर्षी ती कुजताना नत्र ओढतात, म्हणून पालेभाज्या पिवळ्या पडल्या तर घाबरून चुना वाढवू नका, नत्र द्या. बाजूला काढलेला पाला वाफ्यांवर आच्छादन म्हणून परत येतो.

चुना मात्र लागणारच. रानातल्या या मातीचा सामू (पीएच) बहुतेक ४.५ ते ५.५ असतो, आणि ५ च्या खाली विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळांची टोकं जाळतं. मेथी, कोथिंबीर, पालक, टोमॅटो यांना ६.२ ते ६.८ हवा. ॲमहर्स्टच्या विद्यापीठाच्या माती-प्रयोगशाळेत नमुना पाठवा. आठ-दहा ठिकाणची वरच्या सहा-सात इंचांची माती एकत्र करून, पाला न घेता. अहवालातला चुन्याचा आकडाच वापरा. अंदाज हवा असेल तर ५ वरून ६.५ ला न्यायला हजार चौरस फुटांना ४० ते ५० किलो दळलेला डोलोमाइटी चुनखडक लागू शकतो. निम्मा शरद ऋतूत मिसळून आणि निम्मा पुढच्या वर्षी, कारण परिणाम दिसायला महिने लागतात. चुनखडकच घ्या, खायचा किंवा बांधकामाचा चुना नको. एक कोपरा चुन्याशिवाय ठेवून तिथे ब्लूबेरी लावा, तिला ४.५ ते ५ सामूच हवा असतो आणि ती याच मुलखाची आहे.

पाण्याचा हिशेबही आधीच करून ठेवा, नाहीतर जुलैमध्ये उलटं कोडं पडेल. ही माती फुटाला साधारण पावणेदोन इंच उपयोगी पाणी धरते. भाजीची मुळं फूटभरच. त्यातलं निम्मं संपलं की ती सुकायला लागते, आणि कडक उन्हात दिवसाला चार-पाच मिलिमीटर उडतं. म्हणजे पाऊस नसेल तर पाचव्या दिवशी पाणी द्यायला हवं. एप्रिलमध्ये तुंबणारी आणि जुलैमध्ये तहानणारी ही एकच जमीन आहे. घट्ट थर वसंतात पाणी खाली जाऊ देत नाही आणि उन्हाळ्यात मुळांना खाली जाऊ देत नाही.

शेवटचा भाग गांडुळांचा. ‘गांडुळं सोडू का’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. इथे सोडू नका. हिमस्तर गेल्यानंतर या रानांत गांडुळं नव्हतीच. तो पाल्याचा तीनपदरी थर त्यांच्याविना तयार झालेला आहे. आता पूर्व आशियातून आलेली, हात लावला की सापासारखी उसळणारी जातही पसरते आहे. ती एकदोन हंगामांत सगळा पाला खाऊन वर कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ माती ठेवते, जी पावसात उतारावरून वाहून जाते. कंपोस्ट, आच्छादन, कुंड्या यांतून ती येते. विकत घेतलेलं कंपोस्ट तापवून कुजवलेलं आहे का ते विचारा. आपल्या रानात ती आली आहेत का हे बघायला चार लिटर पाण्यात एक तृतीयांश कप मोहरीची पूड कालवून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हातभर जागेवर हळूहळू ओता. असतील तर पाच-दहा मिनिटांत वर येतील. आली असतील तर त्या भागातली माती, पाला किंवा रोपं उरलेल्या रानात नेऊ नका, आणि फावडं-बूट धुऊनच पलीकडे जा.